टाचेखालची फट

माझा भाऊ आबुंदिओ याच्या हाताला गेली नऊ वर्षं लाकूड चिकटवायचा सरस लागलेला नाही. हात थरथरतो म्हणे. उसाच्या दारूचा ग्लास धरताना तो थरथरत नाही, गिऱ्हाइकाची पाठ थोपटताना थरथरत नाही, आणि गिटारीच्या पोटात स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवताना तर असा स्थिर असतो की एखाद्या सर्जनने येऊन बघावं. थरथरतो तो फक्त रंधा हातात घेतला की. मग रंधा कोण धरतं? त्याची मुलगी निएवेस. आणि तिने बांधलेल्या गिटारी घासून, त्यांची छिद्रं भरून, त्यांना लाखेची झळाळी कोण देतं? मी. ओदिलिया सालापा, वय एकसष्ट, बिनलग्नाची आणि गावाच्या मते तोंडाने फटकळ. गावाचं काही चुकत नाही.

आमच्या गावात दर दुसऱ्या दाराआड गिटारी बनतात. बांधतो तो कारागीर, त्याच्या नावामागे लोक ‘उस्ताद’ लावतात. पॉलिश करते ती त्याची बायको, बहीण किंवा मेहुणी, आणि तिच्या नावामागे कुणी काही लावत नाही. लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे फडकं फिरवायचं. अरे, लाकडाला हजारो बारीक तोंडं असतात. ती उघडी ठेवून वर लाख लावलीत तर ती सगळी पिऊन टाकतात आणि महिन्याभरात गिटार देवी आलेल्या माणसासारखी दिसायला लागते. म्हणून आधी ती तोंडं भरायची. पाय घासायच्या वजरीच्या दगडाची मैद्यासारखी पूड, स्पिरिट, लाखेचा एक थेंब, कापसाची पोटली, आणि मग गोल गोल घासत बसायचं. पुडीबरोबर लाकडाचाच भुगा सुटतो आणि त्याच्याच छिद्रांत जाऊन बसतो. एका पाठीला आठ दिवस लागतात. खांदा भरून येतो, बोटांची कातडी जाते, आणि काम चांगलं झालं तर काही केलंय हे दिसतच नाही. चव्वेचाळीस वर्षं मी न दिसणारं काम करतेय.

तीस वर्षांपूर्वी आबुंदिओ मला म्हणाला होता, “चिठ्ठीवर खाली एक ओळ तुझीही टाकू. पॉलिश : ओदिलिया.” चिठ्ठ्या त्यानंतर पाच वेळा नव्याने छापून आल्या. दर वेळी छापखान्यात म्हणे चिठ्ठीवर जागा कमी पडली.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे जत्रा भरते आणि जत्रेत गिटारींची स्पर्धा असते. या मे महिन्यात जेवता जेवता आबुंदिओने जाहीर केलं, की यंदा आपण उतरायचं. आपण म्हणजे तो. निएवेसने चमचा खाली ठेवला.

“एका अटीवर,” ती म्हणाली. “पहिल्या तिघांत आली, तर संघाच्या अर्जावर तुम्ही सही करायची, पपा. पुढच्या वर्षापासून माझी वेगळी चिठ्ठी. माझ्या नावाची.”

आमच्याकडे कारागीर संघाने नाव नोंदवल्याशिवाय स्वतःची चिठ्ठी लावता येत नाही, आणि नाव नोंदवायला उस्तादाची सही लागते. निएवेसचा उस्ताद तिचा बापच. ती चौतीस वर्षांची आहे आणि गेल्या नऊ वर्षांतली आमच्या घरातली प्रत्येक गिटार तिने बांधलेली आहे.

“करीन की,” आबुंदिओ म्हणाला. “आईची शपथ.”

मी ताटातून मान वर केली नाही. त्याच्या शपथांचं वजन मला ठाऊक होतं. पण पोरीचा चेहरा असा काही उजळला होता, की मी तोंडावर आलेलं गिळून टाकलं. मला गिळणं जमतं, अधूनमधून.

आता पावसाळ्यात गिटारीची पाठ चिकटवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं. तेव्हा बंद केलेली पेटी ऊन पडलं की आक्रसते आणि कुठेतरी तोंड उघडते. पण मे महिन्यात हुकूम सुटला, तर ऑगस्टच्या स्पर्धेसाठी पेटी बंद होणार कधी? जूनच्या शेवटीच. निएवेसने काय नाही केलं? खोलीत शेगडी ठेवली, फळ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून झोपवल्या, स्वतः बाकावर झोपली. पाठीचं लाकूड तर असं, की त्याच्यावरच्या काळ्या नसा कुणीतरी टाकाने ओढल्यासारख्या. जुलैत पाच दिवस सलग कडक ऊन पडलं आणि सहाव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली.

“आत्या, इकडे ये. ओरडू नकोस.”

“ओरडण्यासारखं काय केलंस?”

तिने गिटार उलटी धरली. मानेची टाच, म्हणजे तिचं खालचं टोक, जिथे पाठीला येऊन मिळते, तिथे डाव्या अंगाला फट पडली होती. दीड बोट लांब, आत दोन कागद सरकतील एवढी. मी ओरडले. तिच्यावर नाही, तिच्या बापावर. तो घरात नव्हता, त्यामुळे शेजारच्यांनी ऐकलं.

“सांधा हलतोय का?” ओरडून झाल्यावर मी विचारलं.

“नाही. आतून पक्का आहे. नुसती कड मागे सरकलीय. पण दिसतेय ना.”

“नाही दिसणार.”

सरसात भुसा कालवून थापायची इथल्या निम्म्या लोकांना सवय आहे. आबुंदिओ आयुष्यभर तेच करत आला. दोन मिनिटांत काम होतं, आणि सरस एकदा लाकडात मुरला की लाख तिथे शिरत नाही. वर्षभरात पांढरट डाग उठतो आणि आंधळ्यालाही सापडतो. मी तसं केलं नाही. निएवेसने त्याच फळीची एक ढलपी जपून ठेवली होती आणि भुगाही. ढलपी मी काचेवर घासून केसाएवढी पातळ केली, फटीत सरकवली आणि उरलेल्या जागी तो भुगा लाखेच्या थेंबाथेंबाने बसवला. सुईच्या टोकाने. एक थेंब, मग वाळेपर्यंत वाट बघायची, मग दुसरा. फट नेमकी एका काळ्या नसेला छेदून गेली होती, तर ती नसही मी जोडून घेतली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी निएवेसने भिंग घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन बोटांची चुंबनं घेतली, वेड्यासारखी. मी म्हटलं, “सोड, लाख लागेल तोंडाला.”

एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. हे मी सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

आता स्पर्धेतली एक रीत सांगायला हवी. परीक्षक गिटार हातात घेण्याआधी कारागिराने कबुली द्यायची. जिथे जिथे फट भरली असेल, ती प्रत्येक जागा स्वतःच्या बोटाने दाखवायची. दाखवलं तर अर्धा गुण जातो, कधी तेवढाही नाही. कारण न भरलेली गिटार नसतेच, हे त्या म्हाताऱ्यांना चांगलं माहीत असतं. पण लपवलं आणि सापडलं, तर गिटार सरळ बाहेर.

म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी निएवेस मला म्हणाली, “आत्या, पपांना टाचेखालचं सांग. मी गेले तर ते म्हणतील, तुला पाठ चिकटवता येत नाही, आणि माझ्याकडून काहीतरी उलटं बोललं जाईल. सही होईपर्यंत मला भांडायचं नाहीये.”

मी गेले. अंगणात आबुंदिओ ग्वादालाहारा शहरातल्या दोन व्यापाऱ्यांबरोबर बसला होता. गिटार त्याच्या मांडीवर होती आणि फळ्या आपण कशा वाळवल्या, शेगडी कशी ठेवली, बाकावर कसे झोपलो, हे तो रंगवून सांगत होता. बाकावर!

“दादा,” मी म्हटलं, “उद्याच्या कबुलीचं जरा बोलायचं होतं.”

त्याचा चेहरा पडला, पण एका क्षणात सावरला आणि तो व्यापाऱ्यांकडे बघून हसला. “बघा, ही आमची ओदिलिया. माझ्या गिटारीबद्दल मला सांगायला आलीय. पॉलिशवाल्या बायकांचं असंच असतं. फडकं फिरवून फिरवून यांना वाटायला लागतं, गिटार आपणच केली.” व्यापारी हसले. “जा, कॉफी आण. दालचिनी घाल हं.”

मी कॉफी आणली. दालचिनी घातली. पेले त्यांच्यासमोर ठेवले आणि आत निघून आले. त्याला पुन्हा सांगायला गेले नाही. संध्याकाळी तो एकटा होता तेव्हाही गेले नाही. जाऊ दे खड्ड्यात, म्हटलं. ज्याची गिटार त्याला माहीत असेल.

निएवेसने विचारलं, “सांगितलंस?”

मी म्हटलं, “गेले होते.” हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर लांब टेबल, त्यामागे तीन परीक्षक. त्यांतले मुख्य डॉन एवारिस्तो (‘डॉन’ आमच्याकडे मानाने लावतात), ऐंशीच्या घरातले, हातात छोटा दिवा. आबुंदिओच्या आधी खालच्या आळीचा एक दाढीवाला होता. त्याने चार जागा दाखवल्या.

“चारच?” डॉन एवारिस्तो म्हणाले. “गेल्या वर्षी सात होत्या. सुधारतोयस.” सभागृह हसलं, दाढीवालाही हसला आणि त्याची गिटार पुढे गेली. इतकं सोपं होतं ते.

मग आबुंदिओ. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. निएवेस माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझं कोपर धरून ठेवलं होतं.

“हं, आबुंदिओ. कुठे कुठे भरलंय?”

“कुठेच नाही.”

निएवेसची पकड घट्ट झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिले.

“कुठेच नाही?” डॉन एवारिस्तोंनी भुवई उंचावली.

“माझ्या हातचे सांधे भरावे लागत नाहीत,” आबुंदिओ म्हणाला. हे वाक्य त्याने पाठ करून आणलं असणार.

म्हाताऱ्याने दिवा पेटवला. कडा पाहिल्या, पोट पाहिलं, मान पाहिली. गिटार उलटी केली आणि अंगठा पाठीवरून फिरवत टाचेपर्यंत नेला. टाचेखालून, डाव्या अंगाने. अंगठा थांबला नाही. पुन्हा एकदा फिरवला. तरीही नाही. सापडत नव्हतं त्यांना! साठ वर्षं गिटारी बघितलेल्या माणसाचा अंगठा माझ्या कामावरून दोनदा गेला आणि त्याला काही कळलं नाही.

“आबुंदिओ,” डॉन एवारिस्तो हळूच म्हणाले, “असा स्वच्छ सांधा मी पाहिलेला नाही. झाडच असं उगवलं असावं, असं वाटतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबुंदिओने टोपीला हात लावला आणि मान झुकवली, जसं काही ते त्याचंच होतं.

“आत्या,” निएवेस माझ्या कानाशी म्हणाली, “झालं. गप्प राहा. मिळालं आपल्याला. आत्या, तुझ्या पाया पडते.”

मला ते ऐकू आलं. प्रत्येक शब्द ऐकू आला. नंतर लोक माझ्याबद्दल म्हणाले, रागात तिला भान राहिलं नाही. भान होतं. मला समोर फक्त ती झुकलेली मान दिसत होती आणि त्या पेल्यांत घातलेली दालचिनी आठवत होती.

“टाचेखाली बघा!” मी म्हटलं. “डाव्या अंगाला. दीड बोट लांब. मी भरलीय ती.”

टाळ्या थांबल्या.

“काय म्हणालीस?” डॉन एवारिस्तोंनी विचारलं.

“तुमचा अंगठा दोनदा गेला तिथून. दिवा असा समोरून धरू नका, आडवा धरा. काळी नस आहे ना, तिच्या दोन्ही बाजूंना.”

त्यांनी दिवा आडवा धरला. डोळ्याला भिंग लावलं. फार वेळ लावला. मग मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, वाईट वाटलं होतं त्यांना.

“आहे,” ते म्हणाले. “पण भरलंय मात्र...” पुढचं त्यांनी बोलून टाकलं असतं तर कदाचित मी आयुष्यभर त्याच्यावर जगले असते. ते बोलले नाहीत. गिटार त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवली. “घेऊन जा, आबुंदिओ.”

“ही बाई वेडी आहे!” आबुंदिओ ओरडला. “लग्न नाही झालं, डोक्यावर परिणाम झालाय!”

“फट कुणी भरली ते ऐकलंत,” मीही आवाज चढवला, “आता गिटार बांधली कुणी तेही विचारा ना! विचारा त्याला, पाठीची फळी किती दिवस वाळवली!”

डॉन एवारिस्तोंनी दिवा विझवला. “ते विचारणं माझं काम नाही, ओदिलिया. चिठ्ठीवर लिहिलंय.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. तिघांनाही माहीत होतं. सगळ्या सभागृहाला माहीत होतं, नऊ वर्षं. खोट्या नावासाठी कुणाचा अर्धा गुणही जात नव्हता. त्या क्षणी मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं, पण माझं कोपर मोकळं झालं होतं. मी वळून पाहिलं तर निएवेस शेजारी नव्हती.

घरी आबुंदिओने जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी त्याचं नाक कापलं, माझ्या जिभेला हाड नाही, मी त्याचं खाल्लं आणि त्याच्यावरच उलटले. मीही काही शिल्लक ठेवलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचं एकदम बाहेर आलं, छापखान्यातल्या जागेसकट. शेवटी तो दारात उभा राहून म्हणाला, “आणि सहीचं विसरा. या वर्षीही नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी मेल्यावर घ्या सही,” आणि जत्रेतल्या दारूच्या दुकानाकडे चालू लागला.

दिवे लागायच्या सुमाराला निएवेस कामाच्या खोलीत आली. डोळे सुजलेले नव्हते. तिने गिटार बाकावर ठेवली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

“त्यांना सांगायचं काम मी तुला दिलं होतं,” ती म्हणाली.

“गेले होते मी. चार लोकांत माझा अपमान केला त्याने. कॉफी आणायला लावली.”

“आणि?”

“आणि काय? माणूस आहे मी.”

“आत्या, माझ्याकडून त्यांनी नऊ वर्षं कॉफी आणवलीय. त्याच लोकांसमोर. मी बांधलेली गिटार मांडीवर घेऊन. प्रत्येक वेळी मी आणली. का आणली? त्या टेबलापर्यंत पोचायचं होतं म्हणून. आणि पोचले होते.”

“त्याने सही केली नसती. मला माहितीये त्याची शपथ.”

“नसती केली, तर मी त्यांना सोडून गेले असते, पहिल्या तिघांतली गिटार घेऊन. आता बाहेर काढलेली गिटार घेऊन जाऊ?” तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सोसत नव्हतं. मी चिडले की भांडी आपटते. ही नुसती बघत होती. “मी तुला गप्प राहा म्हटलं. पाया पडते म्हटलं. ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग कुणासाठी बोललीस? माझ्यासाठी?”

हो म्हणायला काय जात होतं? सगळी वाट घरी येताना मी स्वतःला तेच सांगत आले होते, पोरीचं बापाने लुबाडलं म्हणून मी बोलले. पण ती समोर बसली होती, आणि म्हातारा म्हणाला होता ते, झाडच असं उगवलं असावं, ते शब्द अजून माझ्या कानात होते, आणि ते दुसऱ्याला मिळाले याचा राग अजून तेवढाच होता. आत्ताही तेवढाच आहे.

“माझ्यासाठी,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिला ते आधीच कळलेलं होतं.

“आत्या, राग तुझा होता. गिटार माझी होती.”

मी बाकावरची गिटार उलटी केली आणि फडक्याने टाच पुसली.

“मला भरायला शिकव,” ती म्हणाली. “सगळं. पूड, लाख, सुईचं काम, नस कशी जोडायची ते. किती महिने लागतील?”

“चांगलं यायला? वर्ष तरी.”

“ठीक आहे. वर्षभर शिकते. मग मला तुझी गरज पडणार नाही.”

हे ती रागाने म्हणाली असती तर मी चार शब्द सुनावले असते. ती रागाने म्हणाली नाही. बाही कोपरापर्यंत दुमडत म्हणाली, काम सुरू करताना म्हणतात तसं.

“आधी हात धुऊन ये,” मी म्हटलं. “साबणाने. बोटांना तेल असलं की पूड धरत नाही.”

ती उठून बाहेर गेली. ती येईपर्यंत मला जरा रडून घ्यायचं होतं, पण आमच्याकडे नळ अगदी दाराशीच आहे.